विज्ञानाचा तास : वर गेलं तरी पडतंच असतं

शुभांशू शुक्ला 2025 च्या जून-जुलैमध्ये अवकाश स्थानकावर जाऊन आले, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलला आहे. पूर्वी प्रयोगवही, दहावीचे मार्क, क्लास लावावा का, अशी विचारणा असायची. आता मुलं तरंगणाऱ्या माणसांबद्दल विचारतात आणि मोठी माणसं, मुलांना काय सांगू, असं विचारतात. म्हणून यावेळचं सदर गुरुत्वाकर्षणालाच दिलं आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

बाई, मी मुळशी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. शुक्लांचा तरंगतानाचा व्हिडिओ वर्गात दाखवला आणि ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून ते तरंगतात’ असं सांगितलं. एका मुलाने विचारलं, ‘मग ते स्थानक पृथ्वीभोवती कशाला फिरतं? निघून का जात नाही?’ मला उत्तर सुचलं नाही. काय सांगू?

आधी त्या मुलाला सगळ्या वर्गासमोर शाबासकी द्या. त्याचा प्रश्न बिनतोड आहे. ओढणारं काहीच नसतं, तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं, परत दिसलंच नसतं. ते दर दीड तासाने एक फेरी पुरी करतं, याचाच अर्थ पृथ्वीने त्याला धरून ठेवलं आहे.

स्थानक जमिनीपासून साधारण 400 किलोमीटरवर आहे. रस्त्याने गोव्याला जाताना आपण याहून थोडं जास्तच अंतर कापतो. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर. तेव्हा पृथ्वीच्या मध्यापासून मोजलं तर आपण 6,371 वर आणि ते 6,771 वर, एवढाच फरक. तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या 88-89 टक्के भरतं. समजा 400 किलोमीटर उंच मनोरा बांधला आणि त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवला, तर इथे 50 किलो दाखवणारा माणूस तिथे 44 किलो दाखवेल. तो तरंगणार नाही, छान पाय रोवून उभा राहील. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि त्यात ही गोष्ट बरोबर सांगितली आहे. पण सहावीत ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं’ हे एकदा डोक्यात बसलं की दहावीत मूल तो परिच्छेद पाठ करतं आणि मनात जुनंच ठेवतं. म्हणून ते वाक्य वर्गातून काढून टाका, अगदी आजपासून.

मग तरंगतात कशामुळे? पडत असतात म्हणून. स्थानक पडतंय, त्याच्या आतली माणसं पडताहेत, त्यांचा चमचा, त्यांचं पाणी, सगळं एकाच वेगाने एकत्र पडतंय. पायाखालची फरशीच तुमच्याबरोबर पडत असेल तर ती तुम्हाला वर ढकलणार कशी? आणि फरशीने ढकललं नाही की वजन जाणवत नाही.

हे तोंडी सांगून पटत नाही. पुढचा प्रयोग करा, पैसा लागत नाही. पाण्याची रिकामी लिटरची बाटली घ्या. तळापासून दोन बोटं वर तापवलेल्या दाभणाने भोक पाडा. भोकावर बोट धरून पाणी भरा, झाकण लावू नका. बोट काढलं की धार लागते. आता मुलांना विचारा : बाटली हातातून सोडली तर पडताना धार जोरात येईल, तशीच राहील की थांबेल? प्रत्येकाला वहीत उत्तर लिहायला लावा, त्याआधी बाटली सोडू नका. हे लिहिणं फार महत्त्वाचं आहे. ज्याने आधी अंदाज बांधलेला नाही, त्याला प्रयोगात काही दिसत नाही. मग बाकावर उभं राहून बाटली सोडा आणि एखाद्या शिक्षकाला मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करायला सांगा. बाटली हातातून सुटल्याक्षणी धार तुटते. बाटलीत पाणी आहे, भोक उघडं आहे, पण बाहेर थेंब येत नाही. पाणी आणि बाटली दोन्ही सारखीच पडत असल्यामुळे पाण्याचा भार भोकापाशी उरतच नाही.

इथे थांबू नका. तीच बाटली पुन्हा भरा आणि मैदानावर जाऊन उंच उडवा. विचारा : वर जाताना धार येईल का? वर्गातली हुशार मुलंही ‘वर जाताना येईल, खाली येताना थांबेल’ असं लिहितात. प्रत्यक्षात हात सुटल्यापासून धार बंद असते, वर जातानासुद्धा. कारण हात सुटल्यावर बाटलीवर एकट्या पृथ्वीचीच ओढ चालते. ती वर जात असली तरी विज्ञानाच्या भाषेत ते मुक्तपतनच. मुलं चित्रफीत पुन्हा पुन्हा लावायला सांगतील. लावा, तास गेला तरी चालेल.

आता त्या मुलाचा उरलेला अर्धा प्रश्न. पडतंय तर जमिनीवर आदळत का नाही? त्यासाठी सिंहगड घ्या. गडावरून चेंडू आडवा फेकला तर तो पायथ्याला पडेल. जोरात फेकला तर खडकवासल्याकडे, आणखी जोरात तर पार पुण्यात. हवा नाही असं समजायचं, म्हणजे वाटेत वेग कमी होणार नाही. कुठलीही वस्तू सोडल्यावर पहिल्या सेकंदात 4.9 मीटर खाली येते. (मुलं 9.8 म्हणतील. सेकंदाच्या शेवटी वेग 9.8 असतो, पण सुरुवात शून्यापासून झालेली असते, म्हणून अंतर निम्मं.) आणि पृथ्वी गोल असल्यामुळे दर 8 किलोमीटरला जमीन सुमारे 5 मीटर खाली वळते. 8 किलोमीटर म्हणजे साधारण मंडईपासून कात्रज. तेव्हा चेंडू सेकंदाला जवळजवळ 8 किलोमीटर वेगाने फेकला तर तो जेवढा पडेल तेवढीच जमीन त्याच्याखालून वाकलेली असेल. तो पडत राहील आणि जमीन गाठणार नाही. न्यूटनने डोंगरावरच्या तोफेची कल्पना करून हेच मांडलं. स्थानकाचा वेग सेकंदाला 7.66 किलोमीटर आहे. रॉकेटचं मोठं काम हा आडवा वेग देण्याचं असतं, उंची गाठण्याला त्या मानाने थोडी ताकद लागते. बहुतेक मुलांना, आणि पालकांनाही, हे कधी कुणी सांगितलेलं नसतं.

माझा नातू दुसरीत आहे. पृथ्वी गोल आहे हे कळल्यापासून ‘खालच्या बाजूची माणसं पडत कशी नाहीत?’ हा एकच घोशा. ‘गुरुत्वाकर्षणामुळे’ असं सांगितलं, पण त्याचं समाधान होत नाही. — सदाशिव पेठेतली एक आजी

आजी, त्याचं समाधान होत नाही हेच चांगलं आहे. दुसरीतल्या मुलाला तो शब्द देऊ नका, त्याच्याकडून चित्र काढून घ्या. मोठ्ठा गोल काढायला सांगा. गोलावर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार माणसं, प्रत्येकाच्या हातात एक दगड. मग विचारा, प्रत्येकाचा दगड सुटला तर कुठे जाईल, बाण काढ. बहुतेक मुलं चारही बाण कागदाच्या खालच्या कडेकडे काढतात. त्यांच्या मनात पृथ्वीच्याही खाली एक जमीन असते. तुमच्या नातवाची अडचण नेमकी तिथे आहे.

त्याला चूक म्हणू नका. कागद फिरवा. खालचा माणूस वर आणा आणि म्हणा, ‘आता हा तू. तुझा दगड कुठे पडेल?’ तो पायाकडे बाण काढेल. पुन्हा फिरवा, पुन्हा विचारा. चौघांचे बाण काढून झाले की ते सगळे गोलाच्या मध्याकडे जाताहेत हे त्याला स्वतःलाच दिसेल. खाली म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे, एवढं त्याच्या हाताला कळलं की पुरे. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर कागदाच्या बाहुल्या चिकटवा आणि कधीतरी ऑस्ट्रेलिया वर आणून ठेवा.

माझं वजन 36 किलो आहे. चंद्रावर ते 6 किलो होईल असं पुस्तकात आहे. मग मी बारीक होईन का? आणि भाजीवाल्या मावशींच्या तराजूतही 6 च भरेल का? — इयत्ता सहावी, हडपसर

तू बारीक होणार नाहीस. तू ज्या हाडामासाची बनली आहेस ते सगळं चंद्रावरही तेवढंच असेल. त्याला वस्तुमान म्हणतात, ते 36 किलोच राहतं. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे, म्हणून तुझा पायाखाली पडणारा भार कमी होतो.

तराजूचा प्रश्न तू फार नेमका विचारलास. काट्यांचे दोन प्रकार असतात. स्प्रिंगचा काटा आणि दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा तुझा भार मोजतात. ते चंद्रावर नेले तर 6 दाखवतील. तराजू मात्र दोन पारड्यांची तुलना करतो. एका पारड्यात तू, दुसऱ्यात 36 किलोची वजनं. चंद्र तुलाही कमी ओढेल आणि वजनांनाही तितकंच कमी ओढेल, म्हणून पारडी समान राहतील. मावशींचा तराजू चंद्रावरही 36 च सांगेल.

आणि अवकाश स्थानकात? तिथे दोन्ही निकामी, कारण तू आणि पारडं दोघंही पडत असता, पारडं दाबलंच जात नाही. तिथले अंतराळवीर आपलं वस्तुमान हलवून मोजतात. स्प्रिंगवरच्या बैठकीला अंगाने बिलगायचं आणि ती मागेपुढे झुलते तेव्हा एका झोक्याला किती वेळ लागतो ते पाहायचं. जड माणूस सावकाश झुलतो. तुला हे शाळेत करता येईल. हॅकसॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पातं घे, दातांवर चिकटपट्टी लाव. एक टोक टेबलाच्या कडेला शिकंज्याने घट्ट आवळ, पातं असं धर की ते डावी-उजवीकडे हलेल, वरखाली नाही. मोकळ्या टोकाला रबरबँडने दोन नाणी बांध, टिचकी मार आणि वीस झोके व्हायला किती सेकंद लागतात ते मोज. मग चार नाणी, मग सहा. आलेख काढ. शेवटी खोडरबर बांध आणि आलेखावरून सांग, तो किती नाण्यांइतका आहे. शिकंजा आवळताना सरांना बरोबर घे.

मुलीच्या शाळेत एका पाहुण्यांनी सांगितलं की गुरुत्वाकर्षण भास्कराचार्यांनी शोधलं, न्यूटनने नाही. घरी त्यावरून वाद झाला. खरं काय? — एक वडील, कोथरूड

भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा. 1150 मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात एक श्लोक आहे. त्याचा आशय असा : पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, तिने ती आकाशातल्या जड वस्तूंना आपल्याकडे ओढते आणि आपल्याला ती वस्तू पडते आहे असं वाटतं. आकाश तर चहूबाजूंनी सारखंच, मग पृथ्वी स्वतः कुठे पडणार? वरच्या आजींच्या नातवाचा प्रश्न आणि हा शेवटचा प्रश्न सख्खी भावंडं आहेत. हा विचार थोर आहे आणि तो मुलांना अभिमानाने सांगावा. अशा तऱ्हेचा विचार भास्कराचार्यांच्याही आधी, सातव्या शतकात, ब्रह्मगुप्ताने मांडला होता. चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाची नोंद त्यात आहे. सहल काढायची तर ही जागा सुंदर.

न्यूटनने 1687 मध्ये जे दिलं ते वेगळं आहे. झाडावरून पडणारं फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने चालतात हे त्याने आकड्यांनी तपासलं. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते. पृथ्वीच्या मध्यापासून आपण एक त्रिज्या दूर, चंद्र तशा 60 त्रिज्या दूर. म्हणजे तिथे ओढ 60 × 60, म्हणजे 3,600 पट कमी हवी. इथे दगड एका सेकंदात 4.9 मीटर पडतो, तर चंद्र एका सेकंदात पृथ्वीकडे 1.36 मिलिमीटर पडला पाहिजे. मुलीला पट्टीवर ते अंतर दाखवा, एका घरापेक्षा जरासं जास्त. आणि चंद्राची फेरी 27.3 दिवसांची, त्यावरून हिशेब केला तर तेवढंच उत्तर येतं. दगड एका सेकंदात जेवढा पडतो तेवढा चंद्र एका मिनिटात पडतो. दहावीतल्या मुलीला हे गणित कागदावर सोडवता येईल. तिने स्वतः ते सोडवलं की भास्कराचार्यांचं काय आणि न्यूटनचं काय, हे तिला कुणी सांगावं लागणार नाही. वाद घालण्यापेक्षा एक संध्याकाळ तिच्याबरोबर बसा.

विज्ञान प्रदर्शनात ताणलेल्या कापडावर गोळा ठेवून भोवती गोट्या फिरवायचं मॉडेल सातवीकडून करून घ्यावं का? — एक सर, भोसरी

माझं मत, नको. दिसायला देखणं आहे, गर्दीही जमते. पण गोटी मध्याकडे घरंगळते ती खालून पृथ्वी तिला ओढते म्हणून. गुरुत्वाकर्षण समजावण्यासाठी गुरुत्वाकर्षणच वापरलं, आणि सातवीच्या मुलाला ते कळत नाही. अवकाश-काल वाकतो हा आइनस्टाइनचा 1915 चा सिद्धान्त अकरावी-बारावीत गोडी लावण्यापुरता सांगावा. तरी प्रदर्शनात ठेवणारच असाल तर शेजारी पाटी लावा : ‘हे कापड अवकाश स्थानकात नेलं तर गोटी फिरेल का?’

वाढदिवसाला मुलाला टेलिस्कोप घ्यायचा आहे. कोणता घेऊ? — वाकड

पहिल्यांदा दुर्बीण घ्या, दोन डोळ्यांची, 7×50 किंवा 10×50. हात टेकवायला गच्चीचा कठडा हवा. गुरू आकाशात असेल तेव्हा त्याच्या बाजूला ठिपक्यांसारखे चंद्र दिसतात. रोज रात्री त्यांच्या जागा वहीत काढायला लावा. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये हेच केलं होतं. महिनाभर वही चालली तर टेलिस्कोप घ्या. घेण्याआधी टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या लोकांशी बोला. 1944 पासून ही संस्था पुण्यात हौशी आकाशनिरीक्षकांसाठी काम करते आहे.

अपोलोची माणसं चार दिवसांत चंद्रावर उतरली. आपल्या चांद्रयान-3 ला चाळीस दिवस का लागले? आपण मागे आहोत का? — इयत्ता नववी, धनकवडी

अपोलो-11 ने 16 जुलै 1969 ला उड्डाण केलं आणि 20 जुलैला ते चंद्रावर उतरलं. त्यांचं सॅटर्न-5 रॉकेट जवळपास 3,000 टनांचं होतं. माणसं बरोबर असल्यामुळे अन्न, पाणी, प्राणवायू सगळं न्यायचं, म्हणून घाई हवी होती. चांद्रयान-3 नेणारं आपलं एलव्हीएम-3 सुमारे 640 टनांचं. त्याने 14 जुलै 2023 ला यान पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं. तिथून पुढे यानाने स्वतःचं इंजिन थोडा थोडा वेळ चालवून कक्षा वाढवत नेली. हे इंजिन यान पृथ्वीच्या सगळ्यात जवळ असताना चालवतात, कारण तेव्हा यानाचा वेग सर्वांत जास्त असतो आणि तेवढ्याच इंधनातून जास्त ऊर्जा मिळते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी हलका धक्का दिला की तो दरवेळी आणखी उंच जातो, तसं. पाचव्या धक्क्यानंतर कक्षेचं लांबचं टोक सव्वा लाख किलोमीटरपलीकडे पोचलं होतं. 1 ऑगस्टला यान चंद्राच्या वाटेला लागलं, 5 ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरलं, 23 ऑगस्टला संध्याकाळी त्याचा उतरणारा भाग, विक्रम, चंद्रावर उतरला.

चंद्राभोवतीही थोडं थांबावं लागतं. विक्रमला सौरऊर्जा हवी होती आणि चंद्रावरचा दिवस आपल्या 14 दिवसांएवढा असतो. उतरण्याच्या जागी नुकतीच सकाळ झालेली असली म्हणजे पुरे 14 दिवस काम करता येतं. तेव्हा मागे असण्याचा प्रश्न नाही. लहान रॉकेटने, कमी इंधनात, गुरुत्वाकर्षणाचं गणित वापरून जाण्याचा तो मार्ग आहे. 2013 मध्ये मंगळयानही असंच निघालं होतं.

आमच्या आठवीच्या मुलांना पुण्यात कुठे नेऊ? एका सहल कंपनीने परदेशातल्या अवकाश केंद्राचा खर्च सांगितला, तो आमच्या पालकांना झेपणारा नाही. — मुख्याध्यापिका, दौंड तालुका

परदेशाचा विचार सोडा, आपल्या जिल्ह्यात जे आहे ते पुष्कळ आहे. विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथल्या मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. तिथला फूकोचा लंबक, म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा मोठा लंबक, मुलांना जरूर दाखवा. त्याच आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून विज्ञान शिकवतात. आयुकात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानंही होत आली आहेत. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या आदित्य-एल1 यानावर सूर्याची छायाचित्रं घेणारी सूट ही दुर्बीण आयुकाने बनवली आहे, हे मुलांना आधी सांगून ठेवा.

दुसरी जागा नारायणगावजवळचं खोडद. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या परिसरात पसरल्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती दुर्बीण उभी केली. 2023 मध्ये विश्वातल्या अतिशय संथ गुरुत्वलहरींच्या, म्हणजे अवकाश-कालात उठणाऱ्या लाटांच्या, खुणा सापडल्याचं जगभरच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. त्यात खोडदच्या निरीक्षणांचाही वाटा होता. 28 फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे सर्वांना प्रवेश असतो आणि ग्रामीण शाळांची प्रदर्शनंही असतात. शाळेच्या लेटरहेडवर आधी पत्र पाठवा, मुलांची संख्या कळवा. आदल्या दिवशी प्रत्येक मुलाकडून एक प्रश्न वहीत लिहून घ्या आणि सारखे प्रश्न एकत्र करून पाच-सहा मुलांना विचारायला नेमा. तिथले शास्त्रज्ञ मुलांना मनापासून वेळ देतात, पण त्या दिवशी गर्दी फार असते.